कौतिक नानांनी पाहिलेला गांजा

कौतिक नानांचं झेरॉक्सचं दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर आहे. एवढ्या एका कारणानं गेल्या वीस वर्षांत आमच्या तालुक्यातले बहुतेक गुन्हे नानांच्या डोळ्यांसमोर घडले. हातभट्टी फुटली, नाना हजर. वाळूचा ट्रॅक्टर धरला, नाना हजर. एकदा तर सकाळी दहा वाजता ते बसस्टँडमागे जुगाराच्या अड्ड्यावर होते आणि त्याच दिवशी दहालाच सातपुड्यात गांजाच्या शेतात. दोन्ही कागदांवर सही नानांचीच, आणि दोन्ही वेळी दुकान उघडं.

छापा पडला की दोन तटस्थ माणसं सोबत न्यायची, त्यांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मग पंच म्हणून सही करायची, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे हवालदार सुकदेव लिहून झालेले कागद घेऊन रस्ता ओलांडतो, नाना सही करतात, दोघं मिळून भजी खातात. मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करते, हेमांगी माझं नाव. नानांच्या सह्या मी माझ्या भावाच्या अक्षरापेक्षा जास्त वेळा पाहिल्या आहेत, आणि दर वेळी माझं डोकं फिरलं आहे.

पुन्याच्या फाइलीतही तीच सही होती. पुन्या सातपुड्याच्या पायथ्याचा, पावसाच्या भरवशावर ज्वारी-तूर पिकवणारा. त्याच्या वावराला लागून नाला आहे आणि नाल्यापलीकडे जंगलखात्याची जमीन. तिथे कुणीतरी गांजा लावला. ज्यानं लावला तो वजनदार माणूस असावा, कारण त्याच्यापर्यंत कुणी गेलंच नाही. कागद तयार झाला तेव्हा नाल्यापलीकडची झाडं नाल्याच्या अलीकडे आली होती. पुन्याला उचललं, त्याची मोटारसायकल ‘माल वाहण्याचं वाहन’ म्हणून ठाण्याच्या आवारात लावली. दोनदा जामीन नाकारला गेला. नानांची साक्ष टिकली तर पुन्याला दहा वर्षं पक्की, हे मला, सरकारी वकिलांना आणि पुन्याच्या बायकोला, रुपलीला, सारखंच ठाऊक होतं. रुपली प्रत्येक तारखेला दोन एसट्या बदलून यायची आणि कोर्टाच्या आवारात निंबाखाली बसून राहायची. नवरा गाडीतून उतरताना आणि चढताना दिसायचा, तेवढ्यासाठी.

पुन्याला आत जाऊन दोन वर्षं उलटली आणि ऑक्टोबरात टीव्हीवाले आले.

मालिका गांजाच्या बादशहावर होती. बादशहाचे ट्रक, बादशहाचे गुंड आणि त्याच्या मागे लागलेला एक प्रामाणिक पोलीस अधिकारी, जो ऊन असो की अंधार, गॉगल काढत नाही. दिग्दर्शक मुंबईचा. त्याला म्हणे सगळं खरं पाहिजे होतं. खरा डोंगर, खरी धूळ, खरी माणसं. आमच्या ठाण्याचे साहेब बंदोबस्ताच्या नावाखाली चार दिवस शूटिंगवरच मुक्कामाला होते. हिरोसोबत इतके फोटो काढले की पाचव्या दिवशी स्वतःच गॉगल लावून ठाण्यात आले. चोऱ्यांच्या तक्रारी घेऊन आलेली माणसं बाहेर बाकड्यावर बसून होती.

खरा पंचही पाहिजे होता. तो कुठे मिळतो हे सुकदेवला विचारायची गरज नव्हती. दिग्दर्शकापुढे नानांनी अख्खा पंचनामा तोंडपाठ म्हणून दाखवला. ‘पूर्वेस नाला, पश्चिमेस पायवाट, हिरवी झाडे, कातरलेली पाने, उग्र वास, सदर पंचनामा आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.’ दिग्दर्शकाच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. नानांनी त्याच दिवशी केस काळे केले.

हे सगळं मला रुपलीनं सांगितलं, तारखेला आली तेव्हा. अठ्ठावीस महिन्यांत ती पहिल्यांदाच हसत होती.

"ताई, आमनाच वावरमा शूटिंग व्हयनं," ती म्हणाली. "आमनी अंबाडीले त्या गांजा म्हणतस!"

मला आधी कळेना. मग तिनं नीट सांगितलं. मंडपवाला प्रेमराज टीव्हीवाल्यांना सामान पुरवत होता. गांजाचं शेत उभं करायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. त्यानं पाडे पालथे घातले आणि पुन्याच्या वावरात येऊन थांबला. नवरा आत असल्यानं रुपलीनं तुरीच्या कडेला दोराच्या वाखासाठी अंबाडी दाट पेरली होती. ती आता पुरुषभर उंच झाली होती. अशी वाढलेली अंबाडी लांबून पाहिली तर पानं हुबेहूब गांजाची. गांजाच्या खटल्यात जो माणूस तुरुंगात सडतोय, त्याचंच शेत टीव्हीवर गांजाचं शेत म्हणून उभं राहिलं, आणि साहेबांनी त्याच बांधावर उभं राहून हिरोसोबत फोटो काढला!

"आणि कौतिक नाना?" मी विचारलं.

"त्यास्ले प्रेमराजभाऊनी सांगं, सरकारी परवानगीना माल शे, हात लाऊ नका. तरी नानानी चोरीन एक पान तोडं, नाकले लायं आनि म्हणे, ‘वा, उग्र वास शे!’" रुपलीनं पदर तोंडाला लावला. "आम्ही बठ्ठ्या बाया हसी हसी मरी गयूत."

"मग का नाही सांगितलं कुणी त्यांना?"

"काब्र सांगूत?" तिनं पदर खाली घेतला. "मना नवरानी बी कोणी कोठे आयकी?"

मी तिला सांगितलं, पुढच्या तारखेला येताना एक शेंडा घेऊन ये. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत.

नाना साक्षीला आले ते नवा शर्ट घालून. सरकारी वकिलांना त्यांनी घोळ न घालता सगळं सांगितलं. डोंगर चढलो, नाल्याच्या अलीकडे थांबलो, झाडं पाहिली, मोजली, वास घेतला. कुठे अडखळले नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यात पुन्या खाली मान घालून उभा होता. मी उलटतपासणीला उठले तेव्हा पिशवीतल्या काडीशिवाय माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"नाना, गांजाचं झाड तुम्ही ओळखता?"

"झोपेतून उठवा ताई, तरी ओळखेन."

मी पिशवीतून पुडकं काढलं, कागद सोडला आणि शेंडा त्यांच्यापुढे धरला. सरकारी वकील ताडकन उठले. कोर्टात अमली पदार्थ आणला म्हणून माझ्यावरच गुन्हा दाखल करा, असं ते ओरडायला लागले. मला बरंच वाटलं. एकाऐवजी दोन साक्षीदार मिळाले.

"हेच का ते झाड?"

नानांनी चष्मा वर केला, पान चुरगळलं, नाकाला लावलं. सगळं कोर्ट बघत होतं आणि शूटिंगपासून नानांना प्रेक्षक आवडायला लागले होते.

"हेच," ते म्हणाले. "उग्र वास आहे."

मी शेंड्याचं एक कोवळं पान तोडलं, तोंडात टाकलं आणि चावून खाल्लं. आंबटढाण होतं. टायपिंग करणाऱ्या कोकिळाबाईंच्या तोंडून "अगंबाई, अंबाडी!" असं निघून गेलं. न्यायाधीश मूळचे पाचोऱ्याकडचे. त्यांनी हात पुढे केला, पान घेतलं, उलटंपालटं केलं आणि शांतपणे म्हणाले, "लिहून घ्या. साक्षीदारानं अंबाडी हे गांजाचं झाड म्हणून ओळखलं."

एवढ्यावर नाना गप्प बसले असते तर सरकारी वकिलांनी काहीतरी सावरून घेतलं असतं. पण नानांचा अपमान झाला होता. त्यांचा चेहरा लाल झाला.

"अहो साहेब, टीव्हीवाल्यांनी मला हाच गांजा म्हणून दाखवला!" ते ओरडले. "आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढलो, पहिल्यांदा गांजा पाहिला, मला काय माहीत खरा कसा असतो ते!"

कोकिळाबाईंनी ते शब्दही टाइप करून घेतले. नानांना आपण काय बोललो ते तीनचार क्षणांनी कळलं आणि ते कठड्याला धरून उभे राहिले. पुन्यानं मान वर केली होती.

फेब्रुवारीत पुन्या निर्दोष सुटला. बत्तीस महिने आत काढून. त्याच आठवड्यात मालिकेची जाहिरात आली, ‘खऱ्या ठिकाणी, खऱ्या माणसांसोबत’. त्यात रुपलीची अंबाडी वाऱ्यावर डोलत होती आणि गॉगलवाला तिच्यातून पळत होता. नाना कुठेच नव्हते. प्रेमराज म्हणाला, त्यांचं दृश्य कापलं. दिग्दर्शकाला ते पंच वाटले नाहीत.

मोटारसायकल परत मिळावी असा कोर्टाचा हुकूम होता, म्हणून मी पुन्या-रुपलीसोबत ठाण्यात गेले. गाडी आवाराच्या कोपऱ्यात होती. चाकांच्या तारांमधून वेल चढला होता, सीट नव्हती, आरसे नव्हते. सुकदेवनं कागद पुढे केला. ‘मोटारसायकल एक, चालू स्थितीत, पंचांसमक्ष परत दिली.’ खाली पंचाची सही आधीच होती. कौतिक नानांचीच.

मला संताप आला. मी सुकदेवला झापायला पुढे झाले, पण पुन्यानं मला हातानं थांबवलं.

"नानास्ले बलावा," तो सुकदेवला म्हणाला. "त्या देखतीन, मंग मी अंगठा लायसू."

"अरे सही झालेली आहे त्यांची. तू अंगठा लाव आणि गाडी घेऊन जा."

"आत बत्तीस महिना बठनू," पुन्या म्हणाला. "आते आखो घडीभर बठसू." आणि तो खरंच गाडीशेजारी मातीत मांडी घालून बसला. रुपलीही बसली.

शेवटी सुकदेवनं रस्त्यापलीकडे हाक मारली. नाना आले. पुन्याकडे न बघता कागदाकडे हात करायला लागले.

"नाना, पहिले गाडी देखी ल्या," पुन्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकायला जास्त जड गेलं.

नाना उभे राहिले. मग वाकले. वेल बाजूला केला, हँडल हलवलं, टाकीवर बोट फिरवून धूळ बघितली. गुडघ्यावर बसून खाली डोकावले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"सुकदेव," ते उठत म्हणाले, "याचं इंजिन कुठे आहे?"

सुकदेवनं नानांकडे असं पाहिलं, जणू झेरॉक्सच्या मशीननंच विचारलं होतं इंजिन कुठे म्हणून. "नाना, आता तुम्हीपण?" तो म्हणाला. पुढच्या गुन्ह्यापासून त्यानं पंच बदलला. हल्ली ठाण्याशेजारच्या रसवंतीचा पियुष तालुक्याच्या चारी कोपऱ्यांत एकाच वेळी हजर असतो आणि रसाचं गुऱ्हाळही बंद पडत नाही. पण त्या दिवशी नाना हटले नाहीत. त्यांनी आपली सही स्वतःच्या हातानं खोडली आणि नवा कागद लिहायला लावला. सीट नाही, आरसे नाहीत, बॅटरी नाही, इंजिन नाही. प्रत्येक गोष्टीला हात लावून मग सांगत होते. सुकदेव दात-ओठ खात लिहीत होता.

पुन्यानं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग अंगठा लावला.