मुकुटनाथांच्या दोन टोपल्या

औंधाजवळच्या त्या मंगल कार्यालयात लग्नाला जमत नाहीत एवढी माणसं दर गुरुवारी जमत. स्टेजवर, जिथं एरवी नवरा-नवरी अवघडून बसतात, तिथं मुकुटनाथ महाराज ऐसपैस बसले होते. दोन्ही बाजूंना अननसाच्या तुऱ्यांनी भरलेली एकेक टोपली, आणि हातात पाण्याचा ग्लास. त्यात एक तुरा.

"फळाची मान कापली. मेलं का न्हाई?"

"मेलं!" गर्दी ओरडली.

"मग ह्ये काय हाय?" महाराजांनी तुरा उचलला. खाली पांढरी मुळं लोंबत होती. "मेल्याला पाय फुटलं! तुमच्या रोगाचं काय घिऊन बसलाय?"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. राणीनं नाकाला लावला. शेजारी बसलेल्या साळूआत्याच्या पायावरच्या फडक्यातून वास येत होता.

राणी रहिमतपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आत्याला साखरेचा आजार. महाराजांनी तिला एक तुरा देऊन बजावलं होतं, याला मुळं फुटेपर्यंत इन्सुलिनची सुई बंद. टोचलं की कृपा गळते. तेव्हापासून तुरा देवघरात होता, पायाचा अंगठा काळा पडत चालला होता आणि आत्या खुशीत होती.

"आत्ते, अजून वेळ आहे. दवाखान्यात चल."

"गप गं. रोज हळद-कुकू वाहती मी त्येला. फुटंल."

"बोट सडलंय तुझं!"

"तुझं इज्ञान शाळंत ठिव. हितं म्हाराज हायती."

तेवढ्यात मेंढरं राखण्यात म्हातारा झालेला हरिबा पुढं झाला. हातातल्या पिशवीभोवती चिलटं घोंगावत होती. आत काळाकुट्ट, चिकट लगदा.

"म्हाराज, माजा तुरा पुन्ना कुजला."

महाराजांनी डोळे मिटले. "घरात पाप हाय."

"तुमी म्हनला म्हनून सुनंला म्हायेरी धाडली की!"

"आजून हाय."

आता हरिबाच्या घरात पाप करण्याजोगी एक म्हैस तेवढी उरली होती.

राणी उठली. हरिबाची पिशवी घेऊन तिनं तुरा पालथा केला. बुडाला अननसाचा गर तसाच, सडलेला. ती तडक स्टेजवर चढली आणि टोपल्यांत डोकावली. एकीतले तुरे गर काढून, खालची पानं सोलून नीट सुकवलेले. दुसरीतले गरासकट, ओलेगच्च.

"बाई, शिवू नका! इटाळ हुईल!" महाराज ओरडले.

"पाळी चालूच आहे माझी," राणी म्हणाली. "बघू, मुळं लाजून आत जातात का."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तिनं ओला तुरा उचलला, गर मोडून टाकला, खालची पानं एकेक ओरबाडली आणि उघडा बुंधा पुढच्या रांगेसमोर धरला. त्यावर तपकिरी बारीक उंचवटे होते. त्यांतल्या एक-दोनांतून पांढरी टोकं डोकावत होती.

"ही मुळं. पानाखाली आधीच तयार असतात. तुरा मेलेला नसतोच, ते रोपच आहे. देवघरात ठेवा नाहीतर संडासातल्या टमरेलात, फुटणारच. गर ठेवला की बहुतेक कुजतो. पाप कुणाच्या घरी पाठवायचं, ते हे टोपलीत हात घालताना ठरवतात."

"नास्तिक बाई! शाप लागंल!" महाराज किंचाळले.

हरिबा मात्र बुंध्याकडेच बघत होता. "मंजी माज्या सुनंचं कायबी पाप न्हवतं?"

"नव्हतं, काका."

हरिबानं पिशवी उचलली, हलक्या हातानं महाराजांच्या मांडीवर पालथी केली आणि सुनेला आणायला चालू लागला. महाराज घाण झटकत असताना निम्मं कार्यालय रिकामं झालं.

आत्या तशीच बसली होती. "माजा फुटला असता तर?"

"तर अननस लागला असता, आत्ते. त्याचा तुझ्या साखरेशी काय संबंध?"

आत्यानं राणीच्या खांद्यावर हात टाकला. मग म्हणाली, "उचल मला."

कराडच्या डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा गेला, शेजारचं बोटही गेलं.

भेटायला आलेल्या बायका महाराजांना शिव्या घालत होत्या. त्यातल्या दोघी तर स्टेजखाली पहिल्या रांगेत असायच्या. एकीनं हळूच विचारलं, "साळूबाई, घरातल्या तुऱ्याचं आता काय करायचं वं?"

"कुंडीत लाव की! गर काढ, खालची पानं सोल, चार दिस वाळव आन् मातीत खोव. वरसा-दोन वरसानं फळ आलं तर पोरास्नी खाऊ घाल. पन त्येच्या पाया पडू नगंस, आन् डाक्टरनं दिलेली सुई सोडू नगंस." आत्यानं चादर सारून पायाची पट्टी दाखवली. "अननसाचं कापलं तर परत फुटतंय, बाई. मानसाचं न्हाई."