शंभरीतलं ‘आम्ही’

माझ्या थोरल्याला, सोआकाईला, चारचौघांत बोलायची अक्कल नाही. ऑकलंडला ट्रक चालवतो, तिथल्या चर्चमध्ये उपदेशही करतो म्हणे. म्हणून आमच्या बेटावरच्या मेथडिस्ट चर्चची शंभरी आली, तेव्हा पाळकांनी इतिहास सांगायला त्यालाच उभं केलं. मी पुढच्या बाकावर मान ताठ करून बसले होते.

आणि हा म्हणाला, “हे चर्च आम्ही बांधलं. समुद्रातली पोवळी आम्ही भाजली, चुना आम्ही केला.”

आम्ही! आपण नव्हे, आम्ही! म्हणजे आमच्या घरानं केलं, आणि समोर बसलेले सगळे उपरे. अहो, त्या चुन्याच्या भट्टीत माझ्या शेजारी बसलेल्या लेसिएलीच्या आजोबांचे दोन्ही डोळे गेले. माझे आजोबा सरदाराचे नातलग, सावलीत बसून हुकूम सोडत होते. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण उपदेशकाला मध्येच कोण तोडणार? उलट मागून ‘वाहवा’ झाली. लेसिएलीचा पंखा तेवढा हलायचा थांबला.

जेवणाला ती थांबलीच नाही. जाताना तिची सून मला ऐकू येईल अशी म्हणाली, “पुढच्या रविवारपासून रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये जाऊ. तिथे निदान ‘आपण’ म्हणतात.”

डुकराचं मांस पानातच टाकून मी सोआकाईला बाजूला ओढलं आणि चांगलं झापलं.

“एवढ्याशा शब्दावरून?” सोआकाई म्हणाला. “इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, आई. आणि मला आपली भाषा येते ती प्रार्थनेतली. तिथे ‘आम्ही’च म्हणतात ना?”

“तिथे समोर देव असतो, गाढवा! तो काय आपल्याबरोबर पापं करतो?”

घरातली सगळ्यात फाटकी चटई मी त्याच्या कमरेला गुंडाळली. दुसरी माझ्या. आमच्यात माफी मागायला असंच जातात. भर दुपारी गावातून चाललो. ओट्यांवरची माणसं वाकून बघायला लागली. लेसिएलीच्या दारात दोघं मातीत बसलो, माना खाली घालून. मला वाटलं, आता हा ‘मी चुकलो’ म्हणेल आणि माझी सुटका होईल.

तो म्हणाला, “मावशी, आम्ही चुकलो.”

म्हणजे त्यात मीही आले! माझे कान तापले. आतून लेसिएलीचं नुसतं भांडं वाजलं.

“उठू या का?” त्यानं हळूच विचारलं.

“आज पहिल्यांदा ‘आम्ही’ शुद्ध बोललास,” मी मोठ्यानं म्हणाले. “आता ती ‘या’ म्हणेपर्यंत मान वर करायची नाही. आपण दोघांनीही.”