भिंतीवरून बंद केलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून जो बोलावतो, त्याला तो का स्लो झाला हे बहुतेक वेळा माहीत असतं. तो फक्त सांगत नाही. पोरानं मासिकासोबत फुकट मिळालेल्या सीडींमधले पंचवीस गेम कोंबलेले असतात, आणि वर मलाच विचारतात की मॅडम, व्हायरस तर नाही ना? अठ्ठ्याण्णव साली हुडको वसाहतीत माझा लहानसा कॉम्प्युटर क्लास होता आणि घरोघरी जाऊन मशीन साफ करून द्यायची कामंही मी घेत असे. फ्लॉपीचा डबा घेऊन मी दारात उभी राहिले की लोक आधी माझ्या मागे बघायचे, कुणी पुरुषमाणूस येतोय का म्हणून. मला राग यायचा. तो राग मी कामावर काढायची आणि मशीन असं लख्ख करून द्यायची की पुन्हा कुणी मागे बघू नये.

पितृपक्षात कृष्णराव क्लासवर आले. कुम्हारीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात मॅनेजर, राहायला कोहक्याला. अंगानं धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. सोमवारी दुर्गच्या कोर्टात तारीख आहे, एक जुना रिपोर्ट पुन्हा छापून न्यायचा आहे आणि मशीन चालू व्हायलाच पाव तास घेतं, असं त्यांनी सांगितलं. मग थांबले. मी म्हटलं, अजून काय होतं?

"एक नाव येते," ते म्हणाले. "मी काही दाबत नाही, काही नाही. आपोआप येते. भैयालालचं. आमच्याकडे कामाला होता तो. मागच्या वर्षी मेला."

मी हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. समोरच्या खोलीत क्रोशाच्या झाकणाखाली कॉम्प्युटर होता. कृष्णरावांनी तो लावला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. मशीननं आधी स्वतःचीच तपासणी सुरू केली, निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसलं. मग कुणी काही न करता एक कागद उघडला. इंग्रजीत टाइप केलेला, आणि पहिल्याच ओळीत भैयालालचं नाव. कृष्णरावांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"असं होते," ते म्हणाले.

मला सगळं कळलं आणि मी शहाणपण पाजळलं. मध्येच वीज तोडली की मशीन उघड्या कागदाची एक प्रत राखून ठेवतं, पुढच्या वेळी तीच समोर धरतं आणि विचारतं, ठेवायचं की टाकायचं? तुम्ही उत्तर देत नाही, घाबरून वीज तोडता. म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतं. प्रत्येक वेळी डिस्कवर एक तुकडा पडून राहतो, म्हणून मशीन स्लो. भूतबीत काही नाही, तुमचाच हात आहे. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. कृष्णराव हसले नाहीत. साफ कर सगळं, एवढंच म्हणाले आणि बाहेर फाटकापाशी जाऊन उभे राहिले.

गेम काढले, जुनी कॅलेंडरं काढली. मग ते तुकडे शोधले, तर चारशे बासष्ट निघाले. सगळे एकदम निवडले. आता एक बटण दाबलं की मशीन पळालं असतं. पण टाकण्याआधी एखादी फाइल उघडून पाहायची माझी सवय आहे, म्हणून सगळ्यात जुनी उघडली. मागच्या वर्षीच्या एप्रिलमधली, भैयालाल कारखान्यात अपघातात मेला त्या दिवशीची. ती शेवटपर्यंत वाचली. मग दोन दिवसांनंतरचा, सोमवारी न्यायचा पक्का रिपोर्ट काढून वाचला. त्यात लिहिलं होतं की भैयालाल दारू पिऊन कुणालाही न विचारता माल उचलणाऱ्या साखळीखाली गेला. पहिल्या कागदात दारूचा शब्दही नव्हता.

लोकांची प्रेमपत्रं, भांडणं, चोरून केलेल्या सोयरिकीच्या याद्या मी डोळा न लववता उडवल्या आहेत. आपलं काम साफ करायचं, वाचायचं नाही. पण त्या दिवशी बोट खाली जाईना. आणि कुणीतरी माझ्या पाठीशी उभं राहून माझ्याबरोबर पडदा वाचतंय असं इतकं खरं वाटलं की मानेवर काटा आला.

मागे रत्नमालाकाकू चहा घेऊन उभ्या होत्या. कृष्णरावांची बायको.

"त्याचंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मग त्या हळू आवाजात बोलत राहिल्या. भैयालाल त्यांच्या माहेरचा, तुमसरकडचा. त्यांनीच नवऱ्याच्या मागे लागून त्याला कामावर लावलं होतं. तो गेल्यावर त्याची बायको रंभा एकदा फाटकाशी आली होती, माझा माणूस दारूला शिवत नव्हता एवढंच सांगायला. तिला त्याच्या जागी काम मिळालं नाही, कारण रिपोर्टात दारू होती. वस्तीतही आता तिला बेवड्याची बायको म्हणतात. तिनं भरपाईसाठी लावलेल्या दाव्याची सोमवारी शेवटची तारीख होती. मी गेले त्या दिवशी सकाळी काकूंनी कुंपणाच्या भिंतीवर पितरांची दोन पानं ठेवली होती, एक सासऱ्यांचं आणि एक भैयालालचं. नात्याचा ना गोत्याचा, पण ठेवलं. सासऱ्यांचं पान कावळ्यानं घेतलं. दुसऱ्याकडे फिरकला नाही.

"हे म्हणतात, नाव आपोआप येते," काकू म्हणाल्या. "पण मशीन तर हेच लावतात. रोज संध्याकाळी. लावतात, नाव येईपर्यंत बसून राहतात, अन् बंद करतात. दीड वर्ष झालं, मी पाहून राहिली."

हे ऐकून मला खरी भीती वाटली. भुताची नव्हे, त्या रोजच्या बसण्याची.

"काय लिहिलं आहे ते वाच," त्या म्हणाल्या. "मले इंग्रजी येत नाही."

"शैला, वाचू नको." कृष्णराव दारात येऊन उभे होते. "तुले साफ करायले बोलावलं. साफ कर अन् जा."

ते गिऱ्हाईक होते. त्यांचं मशीन, त्यांचा कागद. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर मला बरं वाटलं होतं की चला, निर्णय माझ्यावर नाही. मी पडद्याकडे वळले आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले. साखळीची कडी झिजली आहे, असं भैयालालनं मला, मॅनेजरला, सकाळी सांगितलं. दुपारी पुन्हा सांगितलं. माल त्याच दिवशी निघायचा होता म्हणून काम थांबवू नको असं मी त्याला म्हटलं. तो साखळीखाली गेला तो माझ्या सांगण्यावरून.

कृष्णराव पलंगावर बसले.

"दोनदा सांगतलं होतं त्यानं?" काकूंनी विचारलं.

काकू माझ्याजवळ आल्या. ठेवायचं बटण कोणतं, म्हणाल्या. मी दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसला आणि एका बोटानं ते दाबलं, जपून, गरम तव्याला हात लावावा तसं. मग म्हणाल्या, आता हे कागदावर काढ.

प्रिंटर करकरत एकेक ओळ ओकू लागला. भैयालालचं नाव आलं, मग साखळी, मग सकाळ, मग दुपार. कृष्णराव प्रत्येक ओळीला डोळे मिटत होते, पण उठून भिंतीकडे गेले नाहीत. मी तेवढ्यात बाकीचे तुकडे उडवले. ते आता नुसतंच ओझं होतं.

काकूंनी कागद फाडून नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्यांच्या खिशातला पेन काढून टोपण उघडलं आणि हातात दिला.

"अजी, सोमवारी हा न्या."

"नोकरी जाईन," ते म्हणाले. "लोक थुंकतीन माझ्यावर."

काकूंनी कागद त्यांच्या हाताशी सरकवला. कृष्णरावांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. भैयालालच्या नावावरून अंगठा फिरवला. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, तो मेला त्याच दिवशी, आणि खाली सही करायची जागा दीड वर्ष कोरी होती. मग त्यांनी पेन टेकवला आणि मध्येच थांबून, इतकी वर्षं कारखान्यात कागदांवर सह्या करत आलेल्या माणसाच्या सवयीनं, विचारलं,

"तारीख आजची टाकू का तवाची?"

"आजची टाका," काकू म्हणाल्या. "तवा तुमच्यानं झालं नव्हतं."