न उकळायचं पाणी

टँकरचं पाणी आलं की हमिदा ते फडक्यातून गाळायची आणि मोठ्या टोपात उकळत ठेवायची. साल त्रेसष्टचं. दोहात येऊन बरीच वर्षं झाली, तरी श्रीवर्धनच्या सासूनं लावलेली ही शिस्त तिनं सोडली नव्हती. आळीतल्या कोकणी बायका तिला हसायच्या, पण पोर आजारी पडलं की तिच्याच दारात यायच्या.

तिचा नवरा फजल मजीदशेटच्या पेढीत विक्रीवर होता. त्या उन्हाळ्यात पेढीनं काचेच्या बाटल्यांतून पाणी विकायला काढलं. लेबलावर मदिनेचा हिरवा घुमट, मागे डोंगरातला झरा आणि खाली उर्दूत मजकूर: पवित्र भूमीचं पाणी, बाळांसाठी डॉक्टरांची पसंती. कुठला डॉक्टर, हे विचारायची कुणाची प्राज्ञा? छापलेलं म्हणजे खरं, अशी आपली भाबडी समजूत! बघता बघता पाहुण्यापुढे बाटली न ठेवणं कमीपणाचं होऊन बसलं.

शेजारच्या जन्नतचं दूध आटलं होतं. तिची तान्ही मुनीरा डब्यातल्या पावडरीच्या दुधावर वाढत होती.

"फजलभाई, हे पाणी पण उकळू ना?" बाटली दाखवत तिनं एकदा विचारलं.

"तौबा! मक्केचं झमझम कोण उकळतं काय, भाभी? हे पण तिकडचंच. उकळलं की बरकत गेली."

फजल हे मनापासून बोलला. जन्नतनं हमिदाकडे पाहिलं. हमिदाला क्षणभर खटकलं, पण झमझमचं नाव निघाल्यावर ती काय बोलणार?

"खरंच की," ती म्हणाली.

उकळणारीच हो म्हणाली, मग घरोघर तेच झालं. शेटला आयती जाहिरात मिळाली.

मुनीराला जुलाब सुरू झाले. जन्नत दुवा म्हणत तिला तेच पाणी पाजत राहिली, जास्तच पाजत राहिली. इस्पितळात नेईपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले होते. ती वाचली नाही.

दफन करून आलेला फजल बूट न काढताच जमिनीवर बसला.

"गोदामामागे बाटल्या भरताना बघितलं मी आज. टँकरवाला भरतो ना, त्याच विहिरीचं पाणी."

"शेटला विचारलंत?"

"विचारलं. बोलला, विहीर अरबस्तानात, अरबस्तान पवित्र भूमी. मग खोटं काय लिवलंय?"

हमिदाला शेटची चीड आली, त्याहून जास्त स्वतःची आली.

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या कुराणपठणाला जन्नतच्या घरी आळी लोटली. शेटही आला होता; दुःखात सामील म्हणून त्यानं बाटल्यांची खोकी फुकट पाठवली होती. त्या वाटायला फजललाच उभं केलं होतं. हमिदा खरं सांगायला उठली तसा त्यानं तिचा हात धरला.

"गप बस. नोकरी गेली तर व्हिसा खलास. बोटीत बसवतील आपल्याला."

"बसवू देत."

ती बायकांच्या खोलीत गेली. मध्ये जन्नत बसली होती. तिच्यासमोर हे बोलणं म्हणजे तिच्याच हातांनी पोर गेली, असं सांगणं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या नफिसानं मांडीवरच्या बाळासाठी दुधाची बाटली त्याच पाण्यानं भरायला घेतली.

"नफिसा, नको पाजू ते!" हमिदा ओरडली. "विहिरीचं आहे ते. झरा नाही, डॉक्टर नाही, सगळं खोटं आहे."

पठण थांबलं. जन्नतनं सावकाश मान वर केली.

"म्हंजे मी माझ्या मुनीराला..."

"तू नाय गे! शेटनं पाजलं. माझ्या घोवानं पाजलं. आणि मला कळत असून मी मान हलवली."

जन्नत आता हमिदाला मारेल असंच बायकांना वाटलं. मारलं असतं तर हमिदानं हूं की चूं केलं नसतं. पण जन्नत उठली, नफिसाच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि पदर सावरून थेट पुरुषांच्या बैठकीत गेली. शोकातल्या बाईनं तिथं जायचं नसतं. ती शेटसमोर उभी राहिली. पेला भरून तिनं त्याच्यापुढे धरला.

"प्या," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर प्या."

फजल दाराशी होता. त्यानं खोकं खाली ठेवलं आणि तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

शेटनं पेल्याला हात लावला नाही.