पाढा अडला की उतराचं

माह्या अंगणात एकच कायदा. कमान करा, छाती भुईले टेकवा, पाय डोक्यावरून पुढं आणा, काय कराचं ते करा, पन तोंडानं पाढा चालू पाह्यजे. पाढा अडला की उतराचं. दम कोंडला म्हंजे कंबर आत कुठंतरी बोंबलून राह्यली, अन् ते पाढ्यातून कळते, चेहऱ्यावरून कळत नाई. चेहऱ्याचं मले नका सांगू. सर्कशीत मी सारं तारुण्य दात दाखवत वाकली. केरळातल्या टेलिचेरीची लीला माह्या बाजूले हसत हसतच मोडली. लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते अन् तिच्या पायात जीव नव्हता. तो मंग कधी आलाच नाई.

म्हनून आपल्या धाड गावाले परत आली तवा मनाशी गाठ मारली. शाळेचे मास्तर म्हने, "मनकर्णाबाई, झेंडावंदनासाठी पोरींले काही शिकवा." मी म्हनलं, शिकवीन, पन हसनं शिकवनार नाई. मास्तर येड्यासारखे पाहात राह्यले.

बनी त्या पोरींतलीच. उकंडराव माळव्याचं, भाजीपाल्याचं करते, त्याची ही थोरली. पोट्टी अशी वाके का पाहनाऱ्यानं तोंडात बोट घालावं. जिभेनं मात्र नुसती कैची! बुलडाण्याले सर्कस आली अन् हिच्या डोक्शात भूत शिरलं. "बाई, मले सर्कशीत जाचं हाये."

"मर तिकडे," मी म्हनलं. पन खोटं कायले बोलू? माह्या हातची पोट्टी तंबूत उभी राहीन, ह्या इचारानं मलेही बरं वाटलं होतं. म्हनून सर्कसच्या मनेजरले निरोप धाडला. अट एकच घातली. पोरगी पाहाची तर माह्या अंगणात, माह्या कायद्यानं.

मनेजर जीप घेऊन आला. सतरंजी अंथरली. उकंडराव धुतलेलं धोतर नेसून आला. बनीची माय झुंबरबाई दाराआड पदर चावत उभी होती. मले वाटलं, लेक दूर जाईन म्हनून जीव कासावीस होऊन राह्यला असंन.

बनी पालथी झाली. छाती टेकली, कंबर दुमडली, पाय मागून डोक्यावरून आले अन् टाचा गालाशी टेकल्या. अन् पोट्टी हसली. चांगले सगळे दात काढून हसली. मले ते हसू पाहून कसंतरीच झालं.

"वाह! बहुत अच्छे!" मनेजर घड्याळ काढून म्हने. "और थोडा रुको, बेटी."

"पाढा म्हन," मी म्हनलं.

"अवं बाई, हसून तं राह्यली ते," उकंडराव कुजबुजला. "काऊन खोडा घालता?"

"बनी, पाढा. एकोणीसचा."

"एकोणीस एके एकोणीस," बनी म्हने. "एकोणीस दुने अडतीस. एकोणीस त्रिक... सत्तावन. एकोणीस चोक..."

पुढं काही येईना. हसू मात्र जागचं हललं नाई.

"उतर."

"इसरली असंन," उकंडराव म्हने.

"बनी, उतर म्हनलं ना!"

ते उतरेना. मनेजरची नजर घड्याळावर. बनीनं माह्याकडं पाह्यलं, दात तसेच, अन् डोळे पान्यानं डबडबले.  मी झेप घेतली. एक हात छातीखाली, एक मांड्यांले, असं हळूहळू उलगडून तिले कुशीवर घेतलं अन् मंग उताणं निजवलं.

"काऊन उतरवलं?" पोट्टी किंचाळली. "टिकली होती मी! टिकली होती!"

"पाय हलव."

"मनेजर पाहून राह्यले होते, अन् तुम्ही..."

"बनी, पाय हलव!"

तिनं पायाकडं पाह्यलं. पाय काही हलले नाई. तवा कुठं पोट्टी भ्यायली.

झुंबरबाई धावत आली. "उठून बसवा वं तिले! बसवा!"

"हात लावशीन तं हात तोडीन!" मी वरडली. "हलवू नको तिले. काय झालं होतं? खरं सांग."

"परवापासून कंबरेत चमक होती, बाई," ते रडत खाली बसली. "विटकरीनं शेकून दिलं मी. तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही तिले बसवून ठेवलं असतं, अन् मनेजर तं आजच येनार होते."

"माह्या कायद्याचं भेव वाटलं, अन् पोरीच्या कंबरेचं नाई वाटलं तुले?" काय बोलू दुसरं? आग झाली होती आंगाची. "मनेजर, जीप लावा फाटकाशी. दवाखान्यात न्या हिले."

"हां हां, ड्रायवर को बोलता हूं," म्हनत तो भाईर गेला. जीप सुरू झाली. आवाज लांब लांब गेला. उकंडराव धोतर सावरत जीपमांगं पळाला अन् तसाच मंग बैलगाडी आनाले गेला.

मी बनीच्या तळव्यावर नख ओढलं. "कळते?"

"नाई."

पोटरी दाबली. "हे कळते?"

"नाई म्हनलं ना!" अन् मंग सुटलीच पोट्टी. "तुमच्यापायी गेला तो मनेजर! तुमची सर्कस करून झाली ना? मंग माह्यावर काऊन जळता? सडकी म्हातारी!"

"बनी!" माय म्हने.

"बोलू दे तिले," मी म्हनलं. मी तळवे चोळत राह्यली. थंडगार होते तळवे. मले भेव वाटून राह्यलं होतं, असं भेव मले उंच झोक्यावरही कधी वाटलं नव्हतं. मनात म्हनलं, देवा, माहे पाय घे, मले आता कुठं जाचं हाये? हिचे दे. जळत असंन मी, जळकीच असंन, पन हिचे पाय दे.

"नका चोळू!" बनी रडत म्हने. "दुश्मन आहा तुम्ही माह्या! हात नका लावू मले! नका लावू!"

अन् खाडकन माह्या जबड्यावर लाथ बसली. तोंडात रगत आलं. मी मांगं कलंडली.  बनी आपल्याच उजव्या पायाकडं डोळे फाडून पाहात राह्यली.

"दुसऱ्यानं मार," मी तिचा डावा पाय धरून म्हनलं. "बनी, माहे माय, दुसऱ्यानं मार ना! म्हातारी म्हन, काय म्हनाचं ते म्हन, पन मार!"

पोट्टीनं ओठ आवळले, डोळे मिटले. पाय जरा थरथरला. मंग दुसरी लाथ माह्या छातीवर बसली, अन् मी तो पाय छातीशी धरून भर उन्हात धाय मोकलून रडली.