आठ वाजताची नोंद

"रस्ता सरळ आहे म्हणून गाव बरोबर येईलच असं नाही, पोरी. आधी निघालीस कुठून, ते बघ."

वर्ध्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या दत्तात्रय सरांचा हा आवाज, तीस वर्षांपूर्वीचा. फरीदाबादच्या इस्पितळात, प्रशासकाच्या थंडगार केबिनमध्ये तो नर्स कौसल्याला ऐकू आला.

रात्रपाळी करून ती सकाळी आठला घरी गेली होती. दुपारी फोन आला आणि झोपेतून उठून आली. दोन वाजता लसींचा फ्रिज उघडला तेव्हा आत एकवीस अंश होते. प्लग भिंतीतून सुटलेला. सगळ्या लसी बाद. लसीकरण उद्याचं, म्हणून सकाळपासून फ्रिजला कुणी हात लावला नव्हता.

"सिंपल लॉजिक आहे," प्रशासक यशोधन सरांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "आठला चार डिग्री. दोनला एकवीस. म्हणजे प्लग सुटला मधल्या सहा तासांत. तेव्हा ड्यूटी कुणाची? मृणालची. चुकतंय कुठे?"

कुठेच चुकत नव्हतं. डोईवर घागरी घेऊन बाया एकामागे एक निघाव्यात, तशी ती वाक्यं. पहिली बाई कुठल्या विहिरीवरून आली, एवढंच कुणी विचारत नव्हतं.

आठचा आकडा कौसल्या सहालाच लिहून टाकायची. पाळी बदलताना वेळ कुणाला असतो? आणि चौदा वर्षांत त्या फ्रिजने चाराशिवाय दुसरं काही दाखवलं नव्हतं. रोज चार, म्हणून आजही चार.

"सर, पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय," दिवसपाळीची नर्स मृणाल म्हणाली. तिच्या बोटांत ओढणीचं टोक पिळलं जात होतं.

"आता नाही होणार. सॉरी. लॉजिकला नातेवाईक नसतात." सर कौसल्याकडे वळले. "ताई, हे चार तुमच्याच हातचे ना?"

"हो."

खरं होतं ते.

"बिल्कुल. मग या रिपोर्टवर सही करा. तुम्ही साक्षीदार."

एप्रिलमध्ये तिला मेट्रन करायचं ठरलं होतं. सासूबाईंनी शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. कौसल्याने पेन उचललं.

"चूक माझीच आहे, सर," मृणालचा आवाज फाटला. "ड्यूटी घेताना फ्रिज उघडून बघायला हवा होता. पण ताईंनी लिहिलंय म्हटल्यावर... वॉर्डात सगळे म्हणतात, ताईंची नोंद असली की दार उघडायची गरज नाही."

"बघा!" सर हसले. "थर्मामीटरपेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास."

कौसल्याला हसता आलं नाही. कागदावर तिच्या नावाचा 'कौ' उमटला होता. ती तिथेच थांबली.

"काय झालं? पेन चालत नाही का?"

"पेन चालतंय, सर." तिने ते खाली ठेवलं. "तुमचं लॉजिकही बरोबर आहे. फक्त पहिलं वाक्य खोटं आहे."

"म्हणजे?"

सरांकडे न बघता ती मृणालकडे वळली. पोरीचे डोळे अजून तिच्यावर भरवसा ठेवूनच होते.

"आठ वाजता मी फ्रिज उघडलाच नव्हता गं. ते चार मी सहालाच लिहिले होते. न बघता."