गुलाल लागलेला डीव्हीडी ड्राइव्ह

मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे, मित्रांनो. लॅपटॉपच्या कडेचं बटण दाबलं की जो पातळ कप्पा बाहेर येतो ना, तोच मी. तुमच्या नव्या लॅपटॉपना असला कप्पा नसतो, म्हणून ही ओळख करून द्यावी लागते.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. ते आता फारसं आठवत नाही. आठवतं ते जोतिबाच्या डोंगरावरचं, पायऱ्यांना लागून असलेलं आकारामचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. त्याची मुलगी स्नेहल कॉलेजला गेली तेव्हा घरात लॅपटॉप आला आणि त्याच्या पोटात बसून मी आलो. स्नेहल माझ्यात अकाउंटच्या धड्यांच्या डिस्क घालायची. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की आकाराम कुस्तीच्या मैदानाची डिस्क लावून बसायचा. डाव रंगात आला की शेजारच्यांना सांगायचा, "लई गुणाचा हाय ह्यो कप्पा. कवा अडला न्हाय." हे ऐकून मी जरा जास्तच जोरात फिरायचो.

मग एका वर्षी खंडेनवमी आली. आकारामनं तराजू, कोयता, स्कूटर सगळं पुसून पूजेला मांडलं. लॅपटॉपही मांडला. त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि बटण दाबून मला बाहेर काढलं. स्नेहल नको नको म्हणत होती.

"काम आतच चालतंय न्हवं? मग आत बी लावाय पायजे की," असं म्हणून त्यानं चिमूटभर गुलाल थेट माझ्या डिस्क वाचणाऱ्या भिंगावर वाहिला आणि मनोभावे डोळे मिटले.

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण त्या दिवसापासून मला दिसेनासं झालं. स्नेहलनं वरवर फुंकर मारली, तरी भिंगाला चिकटलेला गुलाल काही निघाला नाही. डिस्क घातली की मी नुसताच घरघरायचो. जुना झाला, संपला, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

पुढं लॅपटॉपही थकला. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा आणि स्नेहलला तर बँकेच्या परीक्षेचा अभ्यास त्याच्यावरच करायचा होता. तिनं खालचा स्क्रू सोडवला, मला ओढून बाहेर काढलं आणि माझ्या जागी चौकटीत बसवलेली एसएसडी नावाची वेगवान मेमरी सरकवली. लॅपटॉप पळायला लागला. मी सुतळीच्या गुंड्यांबरोबर खणात जाऊन पडलो. वाईट वाटलं, फार वाटलं. पण माझी मोटर धडधाकट होती आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी एकदा डोळा पुसून बघू दे, मग सांगतो.

ती वेळ आकारामच्या पाठीनं आणली. खोबऱ्याची पोती पायऱ्यांवरून वाहून वाहून त्याची कंबर कधीचीच दुखत होती. आता डावा पाय बधिर पडायला लागला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नवा एमआरआय पाहिला आणि काही वर्षांपूर्वी काढलेला जुना मागितला. दुखणं वाढत असेल तर ऑपरेशन, नसेल तर व्यायाम, असं त्यांचं म्हणणं होतं. जुना एमआरआय होता सीडीवर. ती देणारं सेंटर बंद पडलेलं आणि डॉक्टरांच्या कॉम्प्युटरलाही आता कप्पा नव्हता. पेनड्राइव्हवर घालून आणा, म्हणाले.

ऑपरेशनच्या नावानंच आकारामला धडकी भरली होती. "तवा बी असंच हुतं. काय वाढलं न्हाय," असं तो तिथं ठासून सांगत राहिला.

स्नेहलला ते पटलं नाही. ती त्याला तसाच बाजारात घेऊन गेली. नवा ड्राइव्ह मागवावा लागेल, असं दुकानदार म्हणाला, पण जुना घालून वायरीनं जोडायची एक डबी दुकानात होती. ती तिनं घेतली.

"मेलेल्याला अंगरखा शिवतीस व्हय?" आकाराम म्हणाला. मी काही वाचणार नाही, या खात्रीनं तो खुशीत होता.

घरी आल्यावर स्नेहलनं मला खिडकीपाशी नेलं आणि उजेडात भिंग निरखून पाहिलं. मग कापसाला स्पिरिट लावून हलक्या हातानं पुसलं. कापूस गुलाबी झाला. तो तिनं आकारामसमोर धरला, तसं त्याचं हसू मावळलं.

तिनं मला डबीत बसवून लॅपटॉपला जोडलं आणि सीडी घातली. सीडीवर ओरखडे होते. पहिल्यांदा मला वाचता आलं नाही. दुसऱ्यांदाही अडलो. तिसऱ्यांदा मी एकेक ओरखडा चिकाटीनं पार केला आणि आकारामच्या पाठीचे मणके पडद्यावर आले. स्नेहलनं ते सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले.

डॉक्टरांनी जुना नि नवा फोटो शेजारी शेजारी लावला, हे मी स्नेहलच्या तोंडून ऐकलं. पूर्वी नसेभोवती मोकळी जागा होती, ती आता पार दबली होती. आणखी थांबला असतात तर पाऊल उचलणं अवघड झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मग स्नेहल आकारामला म्हणाली, "आबा, तराजू अडला तर तुमी त्याच दिवशी तेल घालताय. पाठीला मातर पोतीच दिलीसा."

"करूया मग," एवढंच तो म्हणाला.

ऑपरेशन नीट पार पडलं. काही महिन्यांनी तपासणीची नवी सीडी मिळाली. ती घेऊन आकाराम कोल्हापूरहून परतला, पायऱ्या सावकाश चढला आणि कुणाची वाट न बघता स्वतः माझं बटण दाबलं.

"स्नेहल, लाव ही," तो म्हणाला. "काय आसंल ते माझं मला बघू दे."

मित्रांनो, चालणारी वस्तू अडली की तिला संपली म्हणू नका, आधी उघडून पुसून बघा. आणि घरातलं कुणी कंबरेवर हात ठेवून "काय झालं न्हाय" म्हणालं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांना हाताला धरून डॉक्टरकडं न्या.